अनुपलब्धी आणि अभाव

जे आढळत नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शास्त्र्यांच्या वादसभेत शोभणारा वाटतो. परंतु परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, सातबाऱ्याचा उतारा आणि बँकेचा व्यवहार ही सारी कामे ज्या काळात कोठेतरी दूर ठेवलेल्या सर्व्हरच्या मार्फत करावी लागतात, त्या काळात तोच प्रश्न अत्यंत व्यावहारिक रूप धारण करून पुन्हा पुन्हा उपस्थित होत असतो. काम घेऊन आलेला मनुष्य सांगतो की, पान उघडत नाही. पुन्हा प्रयत्न केला तर कधी उघडते, कधी उघडत नाही. आणि सर्वांचीच गर्दी लोटलेली असते तेव्हा हा प्रकार फार होतो. सर्व्हरचा कारभार पाहणारा आपले दफ्तर काढतो, त्या वेळच्या नोंदी वाचतो, त्यांत एकही चूक आढळत नाही, आणि तक्रारीवर शेरा मारतो की, आमच्याकडे दोष नाही. या दोघांपैकी कोणीही असत्य बोलत नाही. एकाने आपला अनुभव सांगितला आहे, दुसऱ्याने आपले दफ्तर वाचून दाखविले आहे. चूक झाली आहे ती दफ्तरावरून जगाविषयी निष्कर्ष काढण्यात, म्हणजेच अनुपलब्धीवरून अभाव सिद्ध करण्यात. ही चूक फार जुनी आहे, आणि तिचा बंदोबस्तही आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वीच करून ठेवलेला आहे.

अभावाचे ज्ञान आपणांस होते याविषयी फारसा वाद नाही; मेजावर पुस्तक नाही हे आपण जाणतो आणि त्या ज्ञानावर विसंबून वागतो. वाद आहे तो हे ज्ञान कोणत्या साधनाने होते याविषयी. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धीला प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द व अर्थापत्ती यांच्या पंक्तीत सहाव्या स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. प्राभाकरांनी तो नाकारला. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मान्य करूनही त्याचे ग्रहण प्रत्यक्षानेच होते, अनुपलब्धी ही त्या ग्रहणातील केवळ सहकारी होय, असे प्रतिपादिले. ज्यांना या मतभेदांच्या मुळाशी जावयाचे असेल त्यांनी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ अवश्य उघडावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संशोधिलेली त्याची १९२८ ची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेली आहे, आणि महाराष्ट्रातील पांडित्याचे इतके भरीव स्मारक क्वचितच सापडेल. माझ्या प्रयोजनापुरते महत्त्वाचे हे की, अनुपलब्धीचा आधार घेणारे पक्ष आपसांत कितीही कडाक्याने भांडत असले तरी एका अटीवर त्यांचे एकमत आहे, आणि ती अट म्हणजे योग्यता. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे गमक होते. उजेड पडलेल्या जमिनीवर घट दिसत नाही, तेव्हा तो तेथे नाही. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. मीमांसकांचे कट्टर प्रतिपक्षी असलेल्या बौद्ध धर्मकीर्तींनीही दृश्य वस्तूची अनुपलब्धी आणि अदृश्य वस्तूची अनुपलब्धी असा भेद करून हेच सांगितले, की दुसरीतून संशयापलीकडे काही निष्पन्न होत नाही.

ही अट धर्मविचारात किती खोल जाते हे उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त पाहावयास मिळते. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याला त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ज्याचे स्वरूपच इंद्रियांना गोचर होण्याजोगे नाही त्याचा निषेध केवळ न दिसण्याने होऊ शकत नाही. आणि न दिसणे एवढ्यावरच अभाव ठरवावयाचा, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दृष्टीआड होताच ती नाहीशी झाली असे समजून शोक करीत बसावे लागेल. या युक्तिवादाने ईश्वर सिद्ध होत नाही, आणि तसा दावा उदयनाचार्यांनीही केलेला नाही. सिद्धीसाठी त्यांनी स्वतंत्र अनुमाने दिली आहेत, आणि ती ग्राह्य मानावयाची की नाही याचा निवाडा ज्याने त्याने करावा. येथे त्यांनी एवढेच केले की, ज्या साधनाची पोच नाही त्या साधनाला निकाल देऊ दिला नाही. ईश्वराविषयी बोलताना हा संयम आस्तिकाला जितका हितकर तितकाच नास्तिकाला हितकर आहे, असे मी मानतो. आणि मनुष्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी बोलताना तर तो केवळ हितकर नसून कर्तव्य आहे, कारण तेथे चुकीच्या निषेधाची किंमत कोणा तरी दुसऱ्याला मोजावी लागते.

तेव्हा सर्व्हरच्या दफ्तरात कोणती घटना दिसण्यास योग्य आहे आणि कोणती नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. ब्राउझरने सर्व्हरशी बोलणे आरंभण्यापूर्वी टीसीपी नावाच्या संकेतानुसार, जो सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजाने निश्चित केला, तीन संदेशांची देवघेव व्हावी लागते: मागणी करणाऱ्या यंत्राचे ‘सिन’, सर्व्हरचे उलट ‘सिन-ॲक’, आणि मागणी करणाऱ्याचे अखेरचे ‘ॲक’. ही देवघेव कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या कार्यप्रणालीचा गाभा, परस्पर उरकतो; ज्याला आपण वेब ॲप्लिकेशन म्हणतो, आणि ज्याचा लॉग वाचून व्यवस्थापक आपले मत बनवितो, त्याच्या हाती जोडणी येते ती ही देवघेव पुरी होऊन ती रांगेत उभी राहिल्यानंतरच. जुन्या काळच्या कचेरीत देवडीवरचा पहारेकरी ज्याला आत सोडील त्याचेच नाव कारकुनाच्या वहीत चढावे, आणि देवडीवरूनच जो माघारी वळला त्याची वहीला वार्ताही नसावी, तसाच हा प्रकार आहे. कारकुनाची वही कितीही प्रामाणिक असो, माघारी वळलेल्यांविषयी साक्ष देण्याची योग्यताच तिच्या ठिकाणी नाही.

ही रांगही अमर्याद नसते. लिनक्स या कार्यप्रणालीत तिच्या लांबीची कमाल मर्यादा, कोणी मुद्दाम बदलली नाही तर, कित्येक वर्षे १२८ होती; २०१९ च्या ५.४ या आवृत्तीत ती ४०९६ करण्यात आली. भार वाढून ॲप्लिकेशन जोडण्या उचलण्यात मागे पडले आणि रांग भरली, की कर्नल अखेरचे ‘ॲक’ मुकाट्याने टाकून देतो, नव्या ‘सिन’चीही तीच गत होते, आणि नकार कोणालाच कळविला जात नाही; थोड्या वेळाने जागा होईल आणि समोरचे यंत्र पुन्हा विचारील, अशी ही योजना आहे. समोरचे यंत्र सामान्यतः एका सेकंदाने, मग आणखी दोन सेकंदांनी, मग आणखी चार सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते, आणि म्हणून ज्याचे पान अखेर उघडते त्याला झालेला उशीर बहुधा एक, तीन किंवा सात सेकंदांच्या आसपास भरतो. कामाच्या ओझ्याने होणारा विलंब असा ठराविक टप्प्यांनी येत नाही; टप्पे आढळले की त्यामागे एखादा गजर लावलेला आहे असे अनुमान करावे, आणि ते सहसा खोटे ठरत नाही. ॲप्लिकेशनचा लॉग या मागणीविषयी काय सांगतो? ती आली, आणि क्षणार्धात तिचे काम झाले. देवडीवर गेलेले सात सेकंद त्याच्या हिशेबात कोठेच नाहीत.

परंतु ज्या उदाहरणात हा सारा प्रश्न एकवटला आहे ते याहून सूक्ष्म आहे. टीसीपीची जोडणी संपली की, ज्या बाजूने ती प्रथम संपविली त्या बाजूला तिची स्मृती काही काळ जपावी लागते, जेणेकरून वाटेत रेंगाळलेले एखादे जुने पॅकेट नव्या जोडणीत शिरून घोटाळा करणार नाही. या अवस्थेस ‘टाइम-वेट’ म्हणतात, आणि लिनक्समध्ये तिची मुदत ६० सेकंद असते. ब्राउझर आणि मूळ सर्व्हर यांच्या मध्ये बसविलेला मध्यस्थ सर्व्हर मागच्या एकाच सर्व्हरशी बोलत असेल आणि जोडण्या स्वतःच प्रथम संपवीत असेल, तेव्हा तर ही मुदत खरोखरच जाचक होते. कारण अशा कामासाठी लिनक्सने मुळात ३२७६८ पासून ६०९९९ पर्यंतचे, म्हणजे २८,२३२ पोर्ट (जोडणीला लागणारे क्रमांक) दिलेले असतात, आणि प्रत्येक पोर्ट मिनिटभर अडकून पडला तर सेकंदाला सुमारे ४७० हून अधिक नव्या जोडण्या होऊ शकत नाहीत. या जाचातून सुटण्यासाठी पुष्कळ व्यवस्थापकांनी ‘टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल’ नावाची एक कळ चालू केली. तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून तिला हात लावू नये, असा इशारा कर्नलच्या कागदपत्रांतच होता. तथापि सर्व्हर जलद करण्याच्या तयार याद्यांतून ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरत गेली, आणि जेथे वरील अडचण मुळीच नव्हती तेथेही जाऊन बसली.

या कळीचा अंमल असा. मे १९९२ च्या आरएफसी १३२३ ने पॅकेटवर एक कालमुद्रा, म्हणजे टाइमस्टॅम्प, उमटविण्याची सोय केली होती. कळ चालू असलेला सर्व्हर प्रत्येक आयपी पत्त्यामागे शेवटी पाहिलेली कालमुद्रा लक्षात ठेवी, आणि त्याच पत्त्यावरून मिनिटाच्या आत तिच्याहून मागची मुद्रा घेऊन नवे ‘सिन’ आले तर ते जुने, भरकटलेले समजून टाकून देई. एका पत्त्यामागे एकच यंत्र असेल तर या रीतीत काही वावगे नाही. परंतु आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत; ते जगाला पुरत नाहीत, म्हणून वसतिगृहे, कार्यालये आणि मोबाइल कंपन्या अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे करतात, आणि कंपन्यांच्या या सामायिक व्यवस्थेसाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने पत्त्यांचा एक पट्टाही राखून ठेवला. पत्ता सामायिक झाला तरी कालमुद्रा ज्याची त्याची निराळीच राहिली, कारण पुष्कळ यंत्रांत ती यंत्र चालू केल्याच्या क्षणापासून मोजली जात असे. परिणाम असा होई की, ज्याचा फोन महिनाभर बंद झालेला नाही अशा मनुष्याची जोडणी मिटली की पुढचे मिनिटभर, त्याच पत्त्यामागच्या, नुकताच फोन चालू केलेल्या शेजाऱ्याला सर्व्हर दारातूनच वगळी, आणि तेही नकाराचा शब्द न उच्चारता. विंडोजची यंत्रे सामान्यतः ही मुद्रा लावीत नसत, त्यामुळे त्यांना याची बाधा होत नसे. एकाच खोलीत एकाचे काम होई आणि दुसऱ्याचे अडे. गर्दी नसताना मिनिटाभरात त्याच पत्त्यावरून दुसरे कोणी येऊन गेलेले असण्याचा संभव थोडा, म्हणून दोष दिसत नसे. गर्दीच्या दिवशी तो संभव जवळजवळ निश्चितीला पोहोचे. आणि ज्याला फोन एकदा बंद करून पाहण्याचा सल्ला मिळे त्याची कालमुद्रा पुन्हा आरंभापाशी येऊन त्याची स्थिती पूर्वीपेक्षा अधिकच बिकट होई.

येथे कारण कोणाला म्हणावे? पत्ता सामायिक असणे, मुद्रा निराळ्या असणे, शेजाऱ्याचे मिनिटभर आधी येऊन जाणे, ती कळ चालू असणे: यांपैकी कोणतेही एक काढून घेतले तर घटना घडत नाही, आणि कोणतेही एक एकटे असले तर कोणाचेही काही बिघडत नाही. नैयायिकांनी कार्याची उत्पत्ती एकट्या कारणाने न मानता कारणसामग्रीने मानली ती अशा स्थळी अगदी यथार्थ वाटते. आणि दोषी भाग कोणता, असे विचारीत एकेक भाग सुटा करून तपासणाऱ्याला प्रत्येक भाग निर्दोषच आढळावा यातही नवल राहत नाही. जे केवळ संयोगात आहे ते वियोगात शोधून सापडणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तपासणाऱ्याच्या स्थानाविषयी आहे. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी जी यंत्रे ठराविक अंतराने त्याचे दार ठोठावीत असतात, ती बहुधा त्याच्याच शेजारी, स्वतंत्र पत्त्यावर असतात, आणि त्यांची कालमुद्रा क्रमाने पुढेच जात असते. म्हणून वरील दोष त्यांना कधीच दिसणार नाही, मग ती दिवसातून हजारदा का दार ठोठावीनात. व्यवस्थापक स्वतः आपल्या जागेवरून पान उघडून पाहतो तेव्हाही तेच. या परीक्षा अपुऱ्या आहेत असे म्हणणेही पुरेसे नाही. ज्या वस्तूच्या शोधासाठी त्या योजिल्या तिच्या ग्रहणाला त्या अयोग्य आहेत, आणि अयोग्य परीक्षा कितीही वेळा केली तरी तिच्या पुनरावृत्तीने योग्यता उत्पन्न होत नाही. दुर्दैवाने, अशा परीक्षांच्या यशाचे आकडेच सर्वांत मोठे असतात, आणि मोठ्या आकड्यापुढे एका मनुष्याची तक्रार क्षुद्र वाटू लागते. शेकडा प्रमाण काढताना छेदस्थानी ज्या मागण्या घेतल्या जातात त्या तरी कोणत्या? ज्या आत पोहोचल्या त्या. दहा लाख आत आल्या, सर्वांचे काम झाले, आणि वीस हजार देवडीवरच गळाल्या, तरी लॉगवरून काढलेले यश शंभर टक्केच भरेल.

आणखी एक विचार असा पुढे केला जातो की, दुसऱ्या प्रयत्नात काम झाले, तेव्हा पहिल्याचा बाऊ कशाला? संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषांचा विचार केला होता, आणि चालत्या व्यवस्थेत उरलेले बरेचसे दोष पुनःप्रयत्नाने ओलांडता येतात असे दाखविले होते. उपाय म्हणून ते खरे आहे. ज्ञान म्हणून मात्र त्याचा अर्थ जपून लावावा. दोरीवर झालेला सर्पाचा भास उजेड आणताच बाधित होतो, कारण नंतरचे ज्ञान त्याच वस्तूविषयी पहिल्याचे खंडन करते. परंतु मिनिटाभराने दार उघडले याने मिनिटापूर्वी ते बंद होते या अनुभवाचे खंडन होत नाही, कारण दोन्ही ज्ञानांचा काळ निराळा आणि म्हणून विषयही निराळा आहे. शिवाय भाराखालच्या सर्व्हरवर प्रत्येक पुनःप्रयत्न हा नवा भार असतो, आणि हजारो यंत्रे एकदमच पुन्हा प्रयत्न करू लागली म्हणजे उपायच अपाय होऊन बसतो.

मग प्रमाण कोठे आहे? ते होते, आणि कर्नलपाशीच होते. ती कळ असलेल्या कर्नलवर ‘नेटस्टॅट -एस’ ही आज्ञा दिली असता कालमुद्रेमुळे नाकारलेल्या जोडण्यांचा आणि रांग भरल्यामुळे गळालेल्यांचा वेगवेगळा आकडा वाचावयास मिळतो. त्यात नाव नाही, पत्ता नाही, वेळ नाही, केवळ एकूण बेरीज आहे, पण काही वेळाच्या अंतराने दोनदा वाचली तर ती वाढते आहे की नाही हे कळण्यास तेवढी पुरते. ‘टीसीपीडम्प’ने तारेवरची पॅकेट पाहिली तर ‘सिन’ येऊन पोहोचले आणि त्याला उत्तर गेले नाही, हेही उघड दिसते. म्हणजे घटना मुळातच अगोचर होती असे नाही. ज्या ठिकाणी ती गोचर होती तेथे पाहण्याची कोणाला निकड वाटली नाही. निकड वाटली नाही याचे कारण, माझ्या मते, असे की, तक्रार करणाऱ्याच्या शब्दाला आपण प्रमाणाचा दर्जा देत नाही. आपल्या परंपरेत शब्द हे प्रमाण आहे, आणि आप्त म्हणजे ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे व जो ते यथार्थपणे सांगतो तो. तेथे हुद्द्याची अट नाही. दाराबाहेर उभा असलेला मनुष्य दार उघडले नाही या एका गोष्टीपुरता आप्त आहे, किंबहुना त्या गोष्टीविषयी त्याच्याइतका आप्त दुसरा कोणी नाही. का उघडले नाही हे त्याला ठाऊक नसते. तेथे त्याचा तर्क चुकेल, तो आपल्या फोनला नाही तर नशिबाला दोष देईल, आणि तो तर्क आपण सोडून द्यावा. कित्येक वेळा दोष खरोखरच त्याच्या क्षीण नेटवर्कचा असतो हेही मी मान्य करतो. परंतु दोष तिकडचा आहे, हा निष्कर्षसुद्धा योग्य स्थळी पाहूनच काढावयाचा आहे. आपल्या वहीत काही नाही, एवढ्यावरून तो निघत नाही. जेथे हे पाहणे झालेले नाही तेथे ‘दोष आढळला नाही’ इतके लिहिण्याचा अधिकार आहे, ‘दोष नाही’ असे लिहिण्याचा नाही.

लिनक्सच्या ४.१० या आवृत्तीपासून प्रत्येक जोडणीच्या कालमुद्रेला यादृच्छिक आरंभ मिळू लागला, त्यामुळे ती कळ उरल्यासुरल्या उपयोगालाही मुकली, आणि २०१७ च्या ४.१२ या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. रांगा, त्यांच्या मर्यादा आणि त्यांवरून होणारी निःशब्द गळती मात्र आजही आहे, आणि अर्जाची मुदत ज्या रात्री संपते त्याच रात्री ती सर्वांत अधिक असते. म्हणून ज्या संस्था अर्ज केवळ सर्व्हरवरच स्वीकारतात त्यांना माझी विनंती आहे की, मुदतीच्या दिवसाचे कर्नलचे आकडे त्यांनी लॉगच्या बरोबरीने जपून ठेवावेत, आणि गर्दीच्या वेळी सामायिक पत्त्यामागच्या साध्या फोनवरून पान उघडून पाहण्याची व्यवस्था करावी. जेथे असे आकडे ठेवलेले नाहीत, तेथे ‘माझा अर्ज पोहोचू शकला नाही’ असे सांगणाऱ्या उमेदवाराचे म्हणणे खोडून काढण्याचे साधन संस्थेपाशी नसते, आणि त्याला दुसरी मुदत दिली गेली पाहिजे.